बेस घेताना आधी नेक बघा, बाकीचं घरी होतं: सेटअप, वायरिंग, मॉडिफिकेशन आणि अ‍ॅम्पबद्दल सगळं एका जागी

सेकंडहँड बेस गिटार बघायला गेलं की बहुतेक जण आधी रंग बघतात, मग हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या टोकावर) नाव कुठलं ते, मग पिकअप (तारांचा कंप पकडणारे चुंबक-कॉइल) कुठले ते विचारतात आणि नेककडे (बोटं फिरतात त्या लांब दांडीकडे) लक्ष सगळ्यात शेवटी जातं, गेलं तर. हे उलटं करा राव. पिकअप बदलता येतात, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा भाग), जॅक (केबल घालायची जागा), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), ट्युनर (तारा पिळायच्या खुंट्या), नट (नेकच्या हेडस्टॉककडच्या टोकाची खाचांची पट्टी) सगळं बदलता येतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम घरच्या टेबलावर होतं. पण नेकला पीळ पडलेला असेल किंवा ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक सांभाळणारी धातूची सळई) आवळून आवळून संपला असेल तर ते काम आपल्या हातचं राहत नाही, आणि ज्याच्या हातचं आहे तो जे पैसे सांगेल त्यात कधीकधी दुसरा बेस येतो. अ‍ॅम्पमध्ये हीच जागा स्पीकर आणि कॅबिनेटची (स्पीकरच्या पेटीची). हेड (अ‍ॅम्पचा स्पीकरशिवायचा भाग) बदलत राहतात, चांगलं कॅबिनेट वर्षानुवर्षं टिकतं.

तर नेक कसा बघायचा. तारा सुरात लावलेल्या असू द्या, तारा सैल असतील तर बघण्यात अर्थ नाही कारण नेकवर ताणच नाही. चार तारांचा मिळून ओढा साधारण ७०-८० किलोच्या घरात असतो आणि ट्रस रॉड त्याच्याशीच झुंजत असतो. हेडस्टॉक डोळ्याजवळ धरा, बॉडी लांब, आणि सगळ्यात जाड ई (E) तारेच्या बाजूची कड ब्रिजच्या दिशेने एका डोळ्याने बघा, मग सगळ्यात बारीक जी (G) तारेच्या बाजूची. दोन्ही कडा सारख्याच, थोड्याशा खोलगट दिसल्या तर काळजी नाही, ते ट्रस रॉडने निघतं. एक कड सरळ आणि दुसरी वाकलेली दिसली तर पीळ आहे, तिथेच राम राम ठोकून निघा, किंमत कितीही कमी असली तरी. त्यानंतर विकणाऱ्याला विचारून ट्रस रॉडचा नट पाव फेरा सैल करून बघा आणि परत आवळून बघा. दोन्हीकडे फिरतोय आणि नेक त्याला दाद देतोय, म्हणजे रॉड जिवंत आहे. विकणारा "त्याला हात नका लावू" म्हणाला तर समजून जा.

मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) वाजवा, एकही सोडू नका, वेळ लागला तर लागू दे. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर पटकन मरतोय का ते मुद्दाम ऐका, बोल्ट केलेल्या लांब नेकच्या बेसला ही जागा हमखास कमजोर असते, त्याला डेड स्पॉट म्हणतात. थोडा असेल तर तो सगळ्यांनाच असतो, पण सूर लागल्या लागल्या विझत असेल तर तो सेटअपने जात नाही, नेकच्या लाकडाचा स्वतःचा कंप तिथल्या सुराची ताकद खातो. हेडस्टॉकला क्लॅम्प लावून वजन वाढवलं की तो एखादा फ्रेट पुढे-मागे सरकतो, जात मात्र नाही. आणि हाताची कड नेकच्या दोन्ही बाजूंनी वरून खाली फिरवा, फ्रेटची टोकं टोचतात का बघा. फिंगरबोर्डचं लाकूड सुकून आक्रसलं की टोकं बाहेर येतात, बारीक कानशीने घासली की काम झालं, यासाठी बेस सोडायची गरज नाही.

आता कुठला बेस. ३४ इंच स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी, हे जवळजवळ स्टँडर्ड झालंय ते १९५१ च्या फेंडर प्रिसिजनपासून. हात लहान असेल, खांदा दुखत असेल तर ३० इंचाचा शॉर्ट स्केल घ्या आणि कोणी "हा खरा बेस नाही" म्हणालं तर ऐकून सोडून द्या. शॉर्ट स्केलला तारांचा ताण कमी, आवाज थोडा गोल आणि जाडसर, बोटांना ओढ कमी. पाच तारांचा घ्यायचा असेल तर मात्र बी तार नीट ऐका, तिचा मोकळा सूर साधारण ३१ हर्ट्झचा असतो आणि ढिसाळ बनवलेल्या बेसवर ती सूर न देता नुसती फडफडते. काही बनवणारे यासाठी ३५ इंच स्केल देतात, पण मी ३४ इंचाचेही घट्ट बी तारेचे बेस वाजवलेत, त्यामुळे आकड्यापेक्षा कानावर भरवसा ठेवा.

पी (प्रिसिजन) की जे (फेंडरचाच जॅझ बेस) हा वाद संपणारा नाही, तरी माझं मत सांगतो. प्रिसिजनला आज आपण जो दोन तुकड्यांचा पिकअप बघतो तो १९५७ मध्ये आला, त्याची दोन्ही अर्धी एकमेकांचा हम (विजेची घूं-घूं) मारतात म्हणून तो शांत असतो, आणि बँडमध्ये तो आवाज फारशी खटपट न करता नीट बसतो. जॅझ बेस १९६० चा, दोन सिंगल कॉइल (एकेका कॉइलचे) पिकअप, नेक नटजवळ अरुंद म्हणजे साधारण ३८ मिमी, आवाजात पर्याय जास्त पण एका पिकअपवर वाजवलात की हम येणार. १९७६ चा म्युझिक मॅन स्टिंगरे, ज्यात आत प्रीअ‍ॅम्प (आवाज अ‍ॅम्पच्या आधीच वाढवणारं सर्किट) आणि बॅटरी, तो स्लॅपवाल्यांचा (अंगठ्याने तार ठोकून वाजवणाऱ्यांचा) लाडका. पहिलाच बेस घेत असाल आणि काय वाजवणार ते नक्की नसेल तर पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) पी घ्या, बिघडायला त्यात फारसं काही नाहीच. आणि घेण्याआधी पट्टा लावून उभं राहून हात सोडून बघा. हेडस्टॉक जमिनीकडे जायला लागला तर तो नेक डाइव्ह, डावा हात जन्मभर नेक उचलत बसेल. हलके ट्युनर लावून बराच कमी होतो, रुंद खरखरीत पट्ट्यानेही थोडा होतो, पण आधी माहीत असलेलं बरं.

बेस घरी आला. आता सेटअप, आणि याचा क्रम पाळा कारण प्रत्येक पायरी पुढची पायरी बिघडवते: नवीन तारा, सूर, नेकचा बाक, तारांची उंची, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागणं), मग पिकअपची उंची. बरेच जण थेट ब्रिजचे स्क्रू पिळायला लागतात आणि मग दोन तास गोल गोल फिरत बसतात.

तारा लावताना एक गोष्ट. जाडी ४५ ते १०५ (इंचाचे हजारांश) चा सेट घ्या, बहुतेक बेस त्यावरच सेट होऊन येतात. लागणाऱ्या पोस्टच्या (तार गुंडाळायच्या खुंटीच्या खांबाच्या) पुढे दीडेक पोस्टचं अंतर ठेवून तार कापायची, म्हणजे दोन-तीन वेढे बसतात, पण कापायच्या आधी कापायच्या जागेच्या अलीकडे तिला काटकोनात वाकवा आणि मगच कापा, नाहीतर वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावरून सैल होतं आणि ती तार कधीच नीट वाजत नाही, भुस्स आवाज येतो आणि लोक पिकअपला शिव्या घालतात. वेढे वरून खाली उतरत गेले पाहिजेत म्हणजे नटवर तार दाबून बसते. तार चढवल्यावर सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याच्या) अगदी पुढे अंगठ्याने हलकंसं दाबा, जाड तार तिथे कमानीसारखी उठलेली असते आणि त्यामुळे सूर डळमळतो.

नेकचा बाक मोजायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये किती फट आहे ते बघा. ०.२५ ते ०.३५ मिमी हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या) असेल तर उत्तम, नसेल तर साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने आवळा, फट नाहीच किंवा नेक उलटा वाकला असेल तर उलट दिशेने सैल करा. दिशा बघायची ती ट्रस रॉडच्या नटच्या तोंडाकडे बघून, हेडस्टॉकला तो नट असेल तर हेडस्टॉककडून. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आवळायच्या आधी तारा थोड्या सैल करा, मग परत सुरात आणा, मग मोजा. लाकूड सावकाश सरकतं त्यामुळे आज पाव फेरा देऊन उद्या परत मोजलं तर आकडा वेगळा येऊ शकतो, घाई नको. अ‍ॅलन की अचूक मापाचीच पाहिजे, कुठल्या बेसला ४ मिमी लागते, कुठल्याला ५, कुठल्याला ३/१६ इंच, आणि "जवळपास बसतेय" म्हणून घातलेली की आतला षटकोन गोल करून टाकते, मग तो नट काढणं म्हणजे डोकेदुखी. जोर लावूनही फिरत नसेल तर थांबा. तुटलेल्या ट्रस रॉडला घरगुती इलाज नाही.

हवा दमट झाली की नेक पुढे वाकतो, कोरडी झाली की मागे जातो, त्यामुळे ऋतू बदलला की वर्षातून दोन-तीनदा हे करावंच लागतं, त्यात बेसमध्ये खोट आहे असं काही नाही.

तारांची उंची सतराव्या फ्रेटवर मोजायची, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. फेंडर पद्धतीच्या, साडेनऊ ते बारा इंच रेडियसच्या (फिंगरबोर्डच्या गोलाईच्या) बेसला ई तार साधारण २.४ मिमी आणि जी तार २ मिमी हा सुरुवातीचा आकडा. सुरुवातीचा म्हणतोय, कारण हात जड असेल तर वर घ्यावीच लागते. हल्ली जो तो तारा फ्रेटला चिकटवून बसतो आणि मग आवाजात दम नाही म्हणून नवीन पिकअप शोधतो. अर्धा मिलिमीटर वर घ्या आणि ऐका, सुराला जागा मिळते तेव्हा काय फरक पडतो ते कळेल. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन जाड फ्लॅटवाउंड (वरून सपाट, गुळगुळीत) तारा आणि तारांची चांगली उंच अ‍ॅक्शन ठेवून वाजवायचा, तारा तर जवळजवळ बदलायचाच नाही.

भणभण कुठे येते त्यावरून दुखणं कुठे आहे ते कळतं, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. नुसती मोकळी तार भणभणते आणि पहिल्या फ्रेटपासून पुढे स्वच्छ, म्हणजे नटची खाच खोल गेलीय. पहिल्या ते चौथ्या-पाचव्या फ्रेटपर्यंत भणभण आणि वर स्वच्छ, म्हणजे नेक जास्त सरळ आहे किंवा उलटा वाकलाय, ट्रस रॉड सैल करा. बाराव्याच्या वरच भणभणतंय, तर सॅडल खाली आहे, आणि सॅडल वर घेऊनही जात नसेल तर नेक बॉडीला जोडतो तिथे लाकडाला उठाव आलाय, ते फ्रेट घासून समतल करायचं काम आहे आणि ते जाणकाराकडे द्या. एकाच फ्रेटवर भणभण, तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय, पोलादी पट्टीची छोटी कड तीन फ्रेटवर ठेवून हलवून बघा, मधला उंच असेल तर पट्टी डुलते. पुष्कळदा तो फ्रेट नुसता खाचेतून उचललेला असतो, लाकडाचा तुकडा ठेवून हलक्या हातोडीने बसतो. आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारा: ही भणभण अ‍ॅम्पमधून ऐकू येतेय का? येत नसेल तर सोडून द्या, बेडरूममध्ये प्लग न लावता ऐकलेली भणभण प्रेक्षकांपर्यंत पोचत नाही.

इंटोनेशनला बाराव्या फ्रेटवरचा हार्मॉनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्युनरवर जुळवायचे. दाबलेला सूर चढा येतोय तर सॅडल मागे, उतरलेला येतोय तर सॅडल पुढे, आणि प्रत्येक वेळी परत सुरात आणून मग बघायचं. दाबताना वाजवताना जेवढा जोर देता तेवढाच द्या. जुन्या मेलेल्या तारांवर हे करत बसू नका, जमतच नाही.

पिकअपची उंची शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजा, ई बाजूला सुमारे ३ मिमी आणि जी बाजूला अडीच मिमीच्या आसपास ठेवून सुरुवात करा. आवाज मोठा हवा म्हणून पिकअप वर वर नेत राहिलं तर चुंबक तारेला खेचायला लागतं, सूर लाटांसारखा हलतो आणि वरच्या फ्रेटवर इंटोनेशन जुळतच नाही. अ‍ॅम्पला आवाजाचा नॉब दिलेला आहे तो त्यासाठीच.

आता वायरिंग. बेस खरखरतो, मधूनच आवाज जातो, हम येतो, या तीन तक्रारी. सगळ्यात आधी दुसरी केबल लावून बघा, मग दुसरं काहीही उघडा. त्यानंतरचा संशयित म्हणजे आउटपुट जॅक. त्याचा बाहेरचा नट सैल झाला की जॅक आतल्या आत फिरतो आणि वायर पिळून पिळून तुटते. नट आवळताना प्लेट उघडून जॅक आतून बोटाने धरा, मग आवळा. जॅकची पत्ती सैल झाली असेल तर हलक्या हाताने आत वाकवा म्हणजे प्लगचं टोक घट्ट धरते. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर पॉटच्या पायांजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि पॉट वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कॉन्टॅक्ट क्लीनरच, गंज सोडवायचा साधा तेलकट स्प्रे नको, तो चिकट थर मागे ठेवतो आणि काही दिवसांनी धूळ धरून दुप्पट खरखरतो.

हमचं निदान बोटाने होतं. अ‍ॅम्प चालू, बेस लावलेला, आता तारांना हात लावा. हात लावल्यावर हम कमी झाला तर ग्राउंड व्यवस्थित आहे, फक्त शील्डिंग (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारं अस्तर) कमी पडतंय. हात लावून काहीच फरक नाही तर ब्रिजखालची ग्राउंड वायर सुटलीय, ब्रिजचे स्क्रू काढा, खाली एक उघडी वायर दाबलेली असायला पाहिजे, बरेचदा ती गंजलेली किंवा बाजूला सरकलेली असते. हात लावल्यावर हम उलट वाढत असेल तर जॅकवर गरम (आवाजाचा सिग्नल नेणारी) आणि ग्राउंड वायरींची अदलाबदल झालीय का ते बघा. आणि तारेला हात लावल्यावर झटका, अगदी बारीक झिणझिणी जरी आली तरी तिथल्या तिथे बंद करा, तो दोष अ‍ॅम्पच्या किंवा भिंतीतल्या अर्थिंगचा आहे आणि त्याच्याशी खेळायचं नसतं.

शील्डिंग हे माझ्या मते सगळ्यात फायद्याचं मॉडिफिकेशन आहे, खास करून जॅझ बेसला. तांब्याची चिकट फॉइल कॅव्हिटीत (पॉट-पिकअप बसतात त्या खळग्यात) भिंतींसकट लावायची, तुकडे एकमेकांवर चढलेले पाहिजेत, पिकगार्डच्या (बॉडीवरच्या झाकणपट्टीच्या) खालच्या बाजूलाही लावा आणि थोडी फॉइल वरच्या कडेवर दुमडा म्हणजे पिकगार्ड बसल्यावर दोन्ही एकमेकांना टेकतात. फॉइलचा गोंद विद्युतवाहक नसेल तर सांध्यांवर सोल्डरचा एकेक ठिपका द्या. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बीप येते का बघा, आणि सगळं मिळून एका वायरने पॉटच्या पाठीवर ग्राउंडला जोडा. जॅकचा गरम पाय फॉइलला टेकणार नाही याची काळजी घ्या, टेकला की आवाज गुल आणि तुम्ही रात्रभर शोधत बसाल. एक समजून घ्या, शील्डिंगने ट्यूबलाइट, डिमर, चार्जर यांची चुरचुर जाते, पण ट्रान्सफॉर्मरजवळ बसलात की सिंगल कॉइलमध्ये येणारा ५० किंवा ६० हर्ट्झचा हम जात नाही, तो चुंबकीय असतो आणि तांबं त्याला अडवत नाही. त्यासाठी जॅझ बेसचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा, दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतील तर हम मरतो.

पॉट बदलायचे असतील तर पॅसिव्ह पी आणि जे ला २५० के (किलोओम), हंबकरला (दोन कॉइलच्या, हम मारणाऱ्या पिकअपला) बहुतेक ५०० के, बॅटरीवाल्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपना २५ के. टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरड हा नेहमीचा. महागडा कपॅसिटर लावून आवाज बदलतो असं सांगणारे भेटतील, किंमत सारखी असलेले दोन कपॅसिटर बेसवर ओळखून दाखवा म्हणावं, इथे किंमत म्हणजे मायक्रोफॅरडची हं. सोल्डर मारताना पॉटची पाठ आधी बारीक पॉलिश पेपरने खरवडा, ४० वॅटच्या आसपासची गन घ्या, पाठ तापवा आणि सोल्डर पाठीला लावा, गनला नाही. फार वेळ धरून ठेवलं तर पॉट आतून जळतो, थंड गनने केलं तर ड्राय सोल्डर होतं जे दिसायला ठीक पण मळकट आणि गोळ्यासारखं बसलेलं असतं आणि कार्यक्रमाच्या मधोमध दगा देतं.

अ‍ॅक्टिव्ह बेसचा आवाज अचानक फाटका, दबलेला यायला लागला तर काहीही उघडायच्या आधी ९ व्होल्टची बॅटरी बदला. त्यात जॅक हाच खटका असतो, केबल लावलेली ठेवलीत की बॅटरी चालू, म्हणून वाजवून झालं की केबल काढून ठेवायची सवय लावा.

बाकी मॉडिफिकेशनमध्ये जॅझ बेसला सिरीज-पॅरलल स्विच (पिकअप एकामागोमाग की समांतर जोडायचे ते बदलणारा) लावणं मला खरंच आवडतं, दोन पिकअप सिरीजमध्ये गेले की आवाज मोठा आणि मध्यभागी जाड होतो, पी च्या जवळ जातो. एक पुश-पुल पॉट (नॉब ओढला-दाबला की स्विच होणारा) आणि तासाभराचं काम. ब्रिजजवळ तारांखाली फोमचा तुकडा सरकवणं हे तर फुकटातलं, सूर लगेच बसतो आणि जुन्या रेकॉर्डवरचा तो ठुप-ठुप आवाज येतो. जड ब्रिज लावून सस्टेन (सूर टिकणं) वाढतो हे मला फारसं पटलेलं नाही, वजन मात्र नक्की वाढतं. फ्रेट काढून फ्रेटलेस करायचा मोह सगळ्यांना होतो कारण बेसवादक जॅको पास्टोरियसने आपल्या जॅझ बेसचे फ्रेट काढून, खाचा भरून वर बोटीला लावतात तो इपॉक्सी चढवला होता. करायचंच असेल तर आपल्या एकुलत्या एका बेसवर करू नका, फ्रेट उपटताना लाकडाचे कपचे निघतात, सोल्डरिंग गनने फ्रेट तापवून सावकाश काढले तर कमी निघतात. आणि इपॉक्सी लावणार नसाल तर त्यावर राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या, खरखरीत) तारा चढवू नका, लाकडावर खाचा पडतात, फ्लॅटवाउंड लावा.

अ‍ॅम्पकडे वळू. वॅटचा आकडा बघून घाबरायचंही नाही आणि भाळायचंही नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे २०० वरून ३०० वॅटवर गेल्याने काही होत नाही, चांगल्या संवेदनशील कॅबिनेटने होतं. घरी सरावाला ३०-४० वॅटही पुष्कळ, ड्रमरबरोबर वाजवायचं तर २०० ते ३०० वॅट हवेत, कारण खालच्या सुरांना कान मंद असतो आणि तेवढाच मोठा वाटायला बेसला गिटारपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. म्हणूनच गिटारच्या अ‍ॅम्पवर बेस मोठ्याने वाजवू नका, हळू आवाजात चालतं, मोठ्याने वाजवलं की स्पीकरचा पडदा त्याच्या हद्दीबाहेर हलतो आणि पडदा फाटतो नाहीतर कॉइल खराब होते. १९६९ चा अँपेग एसव्हीटी, ३०० वॅटचा ट्यूबवाला (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचा) आणि खाली आठ दहा-इंची स्पीकरचं कॅबिनेट, आवाज तर काय सांगावा, पण तो उचलायला माणसं लागतात. आजचे क्लास डी (स्विचिंग सर्किटचे, हलके) हेड पिशवीत मावतात आणि मी बहुतेकांना तेच सुचवतो. दहा इंची स्पीकर चपळ आणि पंधरा इंची खोल, असं जे म्हणतात ते सरसकट खरं नाही, कॅबिनेटची रचना आणि ड्रायव्हर (पेटीतला प्रत्यक्ष स्पीकर) यावर जास्त ठरतं.

ओमचं (स्पीकरच्या विद्युत अडथळ्याचं) गणित मात्र चुकवू नका. ८ ओमची दोन कॅबिनेट एकाच हेडला लावली की बहुतेक वेळा ती पॅरललमध्ये जातात आणि हेडला ४ ओम दिसतात. ४ ओमची दोन लावली तर २ ओम. हेडच्या मागे किमान किती ओम ते लिहिलेलं असतं, ट्रान्झिस्टर किंवा क्लास डी हेडला त्याच्या खाली नेलंत तर ते तापून बंद पडतं नाहीतर जळतं. ट्यूब अ‍ॅम्पचं याच्या उलट भय, तो स्पीकर न लावता चालू करून वाजवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि हेडपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची केबल लावू नका, दोन्हीकडे सारखाच प्लग असला तरी. आतली तार केसाएवढी असते, ती तापते. जाड स्पीकर केबल वापरा, स्पीकॉन (फिरवून बसणारा, खास स्पीकरचा प्लग) असेल तर फारच छान, त्यात चुकायला वावच नाही.

अ‍ॅम्पची दुरुस्ती, म्हणजे घरी करता येण्याजोगी. पेटी उघडून आतल्या बोर्डला हात लावायचा नाही, विशेषतः ट्यूब अ‍ॅम्पमध्ये, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्ट आणि त्याहून जास्त साठलेले असतात आणि ते जीव घेऊ शकतात. पण बाहेरून बरंच काही कळतं. आवाज मधूनच कमी होतो, थोडं मोठ्याने वाजवलं की परत येतो, असं होत असेल तर मागे इफेक्ट लूप (बाहेरचा इफेक्ट जोडायचे सेंड आणि रिटर्न हे दोन जॅक) आहे का बघा आणि सेंडपासून रिटर्नपर्यंत एक छोटी केबल लावा. आवाज नीट झाला, तर दोष रिटर्न जॅकच्या आतल्या खटक्याचा, तो वापर नसल्याने काळवंडतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारलेला प्लग त्यात दहा-पंधरा वेळा घालून काढा, पुष्कळ अ‍ॅम्प एवढ्यावर बरे होतात. फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा आणि तोच प्रकार, टी लिहिलेला म्हणजे सावकाश उडणारा, एफ म्हणजे पटकन उडणारा, तोच लावा, आणि परत उडाला तर जास्त अँपिअरचा लावायचं डोक्यातही आणू नका. ट्यूबवाल्यात किणकिण आवाज येत असेल तर चालू असताना छोट्या प्रीअ‍ॅम्प ट्यूबना पेन्सिलच्या लाकडी टोकाने हलकेच टिचक्या मारा, जी ट्यूब स्पीकरमधून घंटेसारखी बोलते ती बदला. छोट्या ट्यूब बदलायला बायस (ट्यूबचा करंट जुळवणं) लागत नाही, मोठ्या पॉवर ट्यूबना बहुतेक अ‍ॅम्पमध्ये लागतं, ते तंत्रज्ञाकडे.

ठराविक सुरालाच भर्र आवाज येतो, तर तो स्पीकर असेलच असं नाही. तो सूर कोणाला तरी वाजवत ठेवायला सांगा आणि तुम्ही जाळी, हँडल, कोपऱ्याची पत्रे, मागची प्लेट एकेक करून हाताने दाबत जा, जिथे दाबल्यावर थांबतं तो स्क्रू आवळा. स्पीकरच असेल तर अ‍ॅम्प बंद करून पडद्याच्या मधोमध दोन्ही हातांची बोटं पसरून सरळ आत दाबा, खरखर घासल्यासारखं जाणवलं तर कॉइल वाकलीय. मल्टिमीटरने ८ ओमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात ओम दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय, रिकोन करायला (नवा पडदा आणि कॉइल बसवायला) द्या. नवीन ड्रायव्हर घालणार असाल तर नुसता व्यास आणि ओम जुळून चालत नाही, तो त्या कॅबिनेटच्या आतल्या आकारमानाला आणि पोर्टला (पेटीच्या हवेच्या भोकाला) जुळणारा हवा, शक्यतो त्याच मॉडेलचाच शोधा. आणि बसवल्यावर दीड व्होल्टचा साधा सेल कॅबिनेटच्या प्लगला क्षणभर टेकवून बघा, सेलची धन बाजू प्लगच्या टोकाकडे आणि ऋण बाजू प्लगच्या बाहीकडे (टोकामागच्या नळीकडे). एकाच कॅबिनेटमधले सगळे पडदे एकाच दिशेला हलले पाहिजेत. चार स्पीकरमधला एक जरी उलट हलला तर तो बाकीच्यांचा खालचा आवाज खाऊन टाकतो, त्याच्या दोन वायरी अदलाबदल करा आणि सेल परत टेकवून बघा.